कंसातलं आणि कंसाबाहेरचं

मास कॉमला ॲडमिशन घेतली तेव्हा एका गोष्टीचा मला सॉलिड आनंद झाला होता. गणित संपलं! आता फक्त शब्द. आकडे, फॉर्म्युले, कोडिंग वगैरे डोक्याला शॉट देणारे प्रकार इंजिनिअरिंगवाल्यांनी बघावेत. आपण आपलं लिहावं, लोकांना भेटावं, चहा प्यावा.

पण फ्रीलान्सिंगचा एक फंडा असतो. लेखांचे पैसे तीन महिन्यांनी येतात आणि घरभाडं दर महिन्याला जातं. म्हणून मी हळूहळू लोकांच्या छोट्या-मोठ्या वेबसाइट्स सांभाळायला लागले. फोटो बदल, मजकूर टाक, फॉर्म चालत नाही तो बघ. त्यातून पीएचपी नावाच्या भाषेशी जुजबी ओळख झाली. शेजारणीशी असते तशी. जिन्यात हसायचं, घरात जायचं नाही.

त्या घरात मला जावं लागलं ते २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये.

आम्ही परभणीचे. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण पुण्यात मला इतक्या वेळा ऐकवली गेलीय, की आता समोरच्याने पहिला शब्द उच्चारला की पुढचं मीच म्हणते. आणि लगेच 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे आमचं उत्तरही देऊन टाकते. गावात कृषी विद्यापीठ आहे, १९७२ सालचं. 'परभणी क्रांती' नावाची भेंडी तुम्ही खाल्ली असेल, ती तिथली. आणि मोंढ्याजवळ माझ्या पप्पांचं छोटंसं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीची औषधं.

हा धंदा उधारीवर चालतो. जूनमध्ये पेरणी, तेव्हा शेतकऱ्याच्या खिशात पैसा नसतो. बी आणि डीएपी घेऊन जायचं, सोयाबीन निघालं की दसरा-दिवाळीला द्यायचं. ज्याचं सोयाबीनवर भागत नाही तो कापसावर देतो, नाही तर तुरीवर. दुकानदाराने वही ठेवायची आणि आभाळाकडे बघायचं.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये आभाळ फाटलं. मराठवाड्यात झालेली अतिवृष्टी तुम्ही टीव्हीवर पाहिली असेल. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं होतं. आणि दसऱ्यानंतरच्या आठवड्यात, पहाटे सव्वापाचला, आईचा फोन आला.

पप्पांना ॲटॅक आला होता.

दोन स्टेंट आणि एक नोट

पुढचे चार दिवस सांगत बसत नाही. परभणीहून संभाजीनगरला हलवलं, दोन स्टेंट टाकले, पप्पा वाचले. साडेतीन लाखांच्या आसपास खर्च आला. माझी सेव्हिंग्ज, भावाची सेव्हिंग्ज, आईच्या पाटल्या. त्यात बियाणं कंपनीच्या डिस्ट्रिब्युटरचे पैसे द्यायचे बाकी.

"उधारी किती आहे बाहेर?" भावाने आईला विचारलं.

"मला काय माहीत? तुमचे पप्पा फोनात लिहितेत सगळं."

पप्पांनी २०२२ साली नवा फोन घेतला आणि कागदी खतावणी बंद केली. तेव्हापासून सगळा हिशेब फोनमधल्या एकाच नोटमध्ये. एकाच! मी ती स्वतःला मेल केली आणि लॅपटॉपवर उघडली. जवळपास चाळीस हजार शब्द, आणि पप्पांनी तीन वर्षांत एकदाही एंटर दाबलेलं नव्हतं. सगळं सलग. मोडी लिपीत म्हणे आधी आडवी रेघ मारायचे आणि मग अक्षरं एकामागून एक ओढत जायचे, शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हं नाहीत. स्वल्पविराम, अवतरणचिन्हं वगैरे इंग्रजी वळणाची मंडळी एकोणिसाव्या शतकात मराठीत रुळली, आणि त्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना देतात. कँडीसाहेब आमच्या दुकानापर्यंत काही पोचले नव्हते.

पण एक चिन्ह पप्पा न चुकता वापरत होते. कंस. नोट अशी होती:

"[मास्तर, ४०५०, डीएपी तीन बॅग] पाऊस नाही, दोघं बांधावर बसलो, चहा झाला (टेलर, ८००, तणनाशक) आज दिले, पोरीची ॲडमिशन झाली म्हणे [फेटेवाले, 6300, सोयाबीन बी दोन बॅग] यांची मोटार जळाली…"

नावं नाहीत, सगळी टोपणनावं. चौकटी कंस म्हणजे उधारी बाकी. पैसे आले की पप्पा त्याच ठिकाणी परत जाऊन चौकटी कंसाचा गोल कंस करायचे. मला हे हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बसल्यावर कळलं आणि मनात म्हटलं, पप्पा, तुम्ही तर डेटाबेस केलाय!

म्हणजे काम सोपं होतं. चौकटी कंस जिथे उघडतो तिथून तो जिथे मिटतो तिथपर्यंतचा मजकूर उचलायचा. एक नाही, सगळे. हाताने करायला दोन दिवस लागले असते, आणि पप्पांच्या झोपेच्या वेळा सोडल्या तर माझ्याकडे वेळ नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, एआयला का नाही टाकलंस? टाकणार होते. मग ती नोट थोडी वाचली. कुणाच्या घरात काय चाललंय, कुणाला दारूचं व्यसन आहे, कुणाची सोयरीक मोडली… लोकांनी पप्पांना सांगितलेलं ते मी कुठल्या तरी सर्व्हरवर टाकावं हे पटेना. शिवाय पैशाचा मामला. बेरीज रुपयाला रुपया जुळायला हवी होती.

लोभी आणि समाधानी

माझी पुण्यातली रूममेट हिंजवडीला आयटीत आहे. तिला रात्री अकराला फोन लावला.

"अगं, पाच मिनिटांचं काम आहे," ती म्हणाली. आयटीवाल्यांची पाच मिनिटं आणि आपली पाच मिनिटं वेगळी असतात, हे तोवर मला माहीत नव्हतं. "पीएचपीमध्ये प्रेग मॅच म्हणून फंक्शन आहे. त्याला पॅटर्न द्यायचा. कंस उघडतो, मधे काहीही, कंस मिटतो. पॅटर्नच्या शेवटी यू लाव, मराठी आहे ना."

लावलं. एक उत्तर आलं. फक्त एक!

"सॉरी, सॉरी. नुसतं प्रेग मॅच पहिलं सापडलं की थांबतं. तुला प्रेग मॅच ऑल पाहिजे."

बदललं. पुन्हा एकच उत्तर आलं. आणि त्या एका उत्तरात मास्तरांच्या डीएपीपासून तीन वर्षांनंतरच्या शेवटच्या चौकटी कंसापर्यंत सगळी नोट होती. सगळीच्या सगळी!

मी पॅटर्न लिहिला होता तो असा: \[.*\]

चौकटी कंसाला पॅटर्नमध्ये स्वतःचा खास अर्थ असतो, म्हणून त्याच्या आधी तिरकी रेघ द्यायची, की बाबा, मला साधा कंसच म्हणायचंय. टिंब म्हणजे कुठलंही एक अक्षर. चांदणी म्हणजे ते कितीही वेळा. म्हणजे 'कंस, काहीही कितीही, कंस'. माणसाला वाचताना कळतं की पहिला मिटणारा कंस आला की थांबायचं. यंत्राला नाही कळत. ते जितकं घेता येईल तितकं घेतं, थेट शेवटापर्यंत जातं, आणि मग मागे येत येत सगळ्यात शेवटचा मिटणारा कंस धरतं. टिंब एरवी ओळ संपली की थांबतं. पण पप्पांनी एंटर दाबलंच नव्हतं, म्हणून त्याला अडवायला कुणी नव्हतं.

"याला ग्रीडी म्हणतात," रूममेट म्हणाली. "लोभी. चांदणीच्या पुढे एक प्रश्नचिन्ह टाक."

एक प्रश्नचिन्ह! \[(.*?)\]

गोल कंस अशासाठी की आतला मजकूर वेगळा हाती यावा. आणि प्रश्नचिन्ह म्हणजे 'कमीत कमीत भागव'. एकेक अक्षर पुढे सरक, मिटणारा कंस दिसला की तिथेच थांब, ते पदरात घे आणि पुढचा शोध सुरू कर.

एंटर दाबलं. १८३ नोंदी.

रात्रीचा एक वाजला होता. सगळं हावरेपणाने मागितलं तर एकच निरुपयोगी गठ्ठा मिळाला. थोडं थोडं मागितलं तर १८३ मिळाल्या. हे वाक्य पंचविशीत कुणी सांगितलं असतं तर क्रेडिट कार्डाची दोन बिलं तरी वाचली असती!

दुसऱ्या दिवशी पप्पा झोपल्यावर जरा वाचलं. या पॅटर्नच्या कल्पनेमागे स्टीफन क्लीनी नावाचे अमेरिकन गणितज्ञ आहेत, १९५० च्या दशकातले. चांदणी त्यांचीच. १९६८ साली केन थॉम्पसन यांनी ती मजकूर शोधण्यासाठी कॉम्प्युटरवर कशी चालवायची ते दाखवलं. पीएचपी १९९५ साली लोकांसमोर आणली रास्मस लेर्डोर्फ यांनी, ते जन्माने ग्रीनलंडचे. आणि तिच्या पोटात पॅटर्न शोधणारं जे इंजिन आहे ते केंब्रिजच्या फिलिप हेझल यांनी १९९७ मध्ये लिहायला घेतलं. कुठे ग्रीनलंड, कुठे केंब्रिज, आणि शोधतोय काय, तर परभणीच्या मास्तरांचं डीएपी.

बेरीज चुकतेय

१८३ नोंदी स्वल्पविरामावर तोडल्या, दुसरा तुकडा म्हणजे रक्कम, सगळ्यांची बेरीज. दोन लाख बारा हजार.

भावाचा चेहरा पडला. "एवढीच?"

आई मात्र ठाम होती. "शक्यच नाही. एकदा मला म्हणाले होते, पाच-सहा लाख अडकलेत."

आईवर विश्वास ठेवावा. मी यादी डोळ्यांनी तपासली. फेटेवाल्यांचे 6300 बेरजेत होते. मास्तरांचे ४०५० नव्हते. पप्पांचा कीबोर्ड कधी इंग्रजी आकडे देत होता, कधी मराठी. माणसाला फरक पडत नाही. पीएचपीला 'हे आकड्यात बदल' म्हटलं की मराठी ४०५० ला ती सरळ शून्य समजते. कुरकूर नाही, एरर नाही, शून्य! ज्यांची ज्यांची उधारी पप्पांनी मराठीत लिहिली होती, ती सगळी माफ झाली होती.

दहा मराठी आकड्यांच्या जागी दहा इंग्रजी आकडे बदलून घेतले. बेरीज सहा लाखांच्या वर गेली.

तरी एक नोंद खटकत होती. तिच्यात एका माणसाचं खत होतं, मग चार ओळी पावसाच्या, आणि मग दुसऱ्याच माणसाचं बियाणं. पप्पा पहिल्या माणसाचा कंस मिटवायला विसरले होते. समाधानी पॅटर्नसुद्धा बिचारा काय करणार? त्याला उघडणारा कंस दिसला, तो चालत राहिला, पुढच्या माणसाचा मिटणारा कंस लागला तेव्हा थांबला. दोन घरांचा हिशेब एका पोत्यात.

मग साधी मोजणी केली. उघडणारे चौकटी कंस १८७, मिटणारे १८३. म्हणजे चार ठिकाणी राहिलेत. हे आधीच मोजायला हवं होतं. पॅटर्नमध्ये 'कंस सोडून काहीही' असं लिहून ही भेसळ टाळता येते, \[([^\[\]]*)\] असं. पण मग ते चार जण यादीतून गुपचूप गळाले असते. गळालेला माणूस भेसळीपेक्षा वाईट, कारण भेसळ निदान दिसते. चारही जागा शोधल्या, पप्पांना विचारून कंस मिटवले. १८७ नोंदी. सहा लाख अडतीस हजार.

भावाने यादी एक्सेलमध्ये टाकली, मोठ्या रकमेपासून लहान रकमेपर्यंत लावली. "उद्यापासून फोन करतो. वरून सुरुवात."

कंसाबाहेर

सगळ्यात वर 'फेटेवाले' होते. चार नोंदी मिळून एकतीस हजार.

"यांना नको," आई म्हणाली.

"का? सगळ्यात जास्त यांचेच आहेत."

"कंसाच्या बाहेरचं वाचलंस का?"

नव्हतं वाचलं. मी तर ते टाकूनच दिलं होतं. मला कंसातलं हवं होतं, बाकीचा मजकूर म्हणजे कचरा. आईने मात्र पप्पांच्या उशाशी बसून फोनवर ती नोट वाचायला घेतली होती, चार दिवसांपासून, पोथी वाचावी तशी.

मग मी पॅटर्न उलटा केला. मिटणाऱ्या कंसापासून पुढच्या उघडणाऱ्या कंसापर्यंत: \](.*?)\[

आधी जे कंसातलं होतं ते आता बाहेर गेलं, आणि बाहेरचं आत आलं. प्रत्येक उधारीच्या पुढे पप्पांनी काय लिहिलंय ते एक्सेलच्या शेजारच्या रकान्यात.

"यांची मोटार जळाली, नवी घेतली, मागायचं नाही तुरीपर्यंत." "पोराला नोकरी लागली पुण्यात, हे देऊ शकतेत पण देणार नाहीत, हसत मागावं." "बायको गेली मागच्या महिन्यात. मीच बी दिलं, नको म्हणत होता." "शेत नदीकाठी, सगळं वाहिलं." "ह्यांनी आपल्या घराच्या वेळी विटा उधार दिल्या होत्या, विसरू नये."

रकमेप्रमाणे लावलेली ती यादी एकदम वेडीवाकडी दिसायला लागली. सहा लाख अडतीस हजार हा आकडा बरोबर होता, रुपयाला रुपया. पण कुणाला फोन करायचा हे त्याच्यात लिहिलेलं नव्हतं. मी पत्रकार आहे हो! लोक काय बोलले आणि का बोलले हे शोधण्याचे मला पैसे मिळतात, उशिरा का होईना. आणि इथे बापाने तीन वर्षं लिहिलेलं मी दोन चिन्हांच्या मधलं तेवढं कापून घेऊन बाकीचं फेकत होते.

भाऊ बराच वेळ स्क्रीनकडे बघत होता. मग म्हणाला, "पप्पांनाच विचारू."

पप्पांनी पलंगावर पडल्या पडल्या बोटाने एकतीस नावं काढली. नोकरदार घरं, ज्यांचं दुसरं दुकान आहे ते, ज्यांचा ऊस आहे ते. "यांना मागा. दोन-तीन हप्त्यांत द्या म्हणावं. बाकीच्यांना तुरीपर्यंत हात लावू नका."

"आणि तूर नाही आली तर?" भावाने विचारलं.

"तर नाही आली," पप्पा म्हणाले.

एकतीस जणांकडून दिवाळीपर्यंत पावणेदोन लाख आले. डिस्ट्रिब्युटरचं भागलं. आईच्या पाटल्या अजून सोडवायच्या आहेत. पिक्चरसारखा शेवट नाही, पण दुकान उघडं आहे.

शेवटची नोंद

पुण्याला परतायच्या आदल्या रात्री मला एक गोष्ट दिसली. कंसातल्या नोंदी १८७ होत्या. कंसाबाहेरच्या १८६. एक कमी.

एव्हाना मी तयार झाले होते, लगेच कळलं. माझा उलटा पॅटर्न मिटणाऱ्या कंसापासून पुढच्या उघडणाऱ्या कंसापर्यंत जात होता. शेवटच्या उधारीनंतर पप्पांनी जे लिहिलं, त्याच्यापुढे नवा कंस उघडलाच नव्हता. दुसरी खूण नाही, म्हणून यंत्राच्या लेखी तो मजकूर नाही. मी नोट उघडून अगदी तळाशी गेले. ॲटॅकच्या आदल्या संध्याकाळी लिहिलेलं होतं:

"दुपारपासून छातीत दुखायलंय. ॲसिडिटी असंल. घरी सांगू नये, पोरं उगं पळत येतेत."

मी लॅपटॉप बंद केला. बाहेर पप्पा खुर्चीत बसले होते, आई औषधाच्या पट्ट्या मोजत होती.

"पप्पा, आदल्या दिवशी दुपारपासून दुखत होतं ना?"

ते एकदम लहान मुलासारखे दिसले. "तू तर कंसातलंच काढणार होतीस की गं."

"बाहेरचंही काढलं."

आईने पट्टी खाली ठेवली आणि त्यांच्याकडे बघितलं. त्यानंतर दहा मिनिटं आमच्या घरात जे भाषण झालं त्यात स्वल्पविराम नव्हता, पूर्णविराम नव्हता आणि एंटर तर नव्हतंच. ते इथे देत नाही.

मी पुण्यात आले. आता रोज रात्री साडेनऊला पप्पांचा मेसेज येतो: [बीपी, १३०/८४, गोळी घेतली]. चौकटी कंसात, न चुकता मिटवलेला. पोरीला आवडेल तसं लिहून पाठवतात.

मी तो वाचते आणि मग फोन लावते. बाहेरचं विचारायला.